नाणेघाट ते जुन्नर : पांच मजलांची वाट आणि घाटमाथ्यावरील रांजण

१. विषय

जुन्नरचीं लेणीं आणि नाणेघाटांतील शिलालेख हे विषय संशोधकांस नवे नाहींत. इ. स. १८२८ मध्यें साइक्स याच्या दृष्टीस घाटांतील लेणें पडलें. १८३८ मध्यें प्रिन्सेप यानें त्यांतील अक्षरें लावण्याचा प्रयत्न केला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६-७७ च्या सुमारास तेथील अंकचिन्हांचा उलगडा केला, आणि १८८३ मध्यें बूलर यानें सबंध लेखाचें वाचन भाषांतरासह प्रसिद्ध केलें. जुन्नरच्या लेण्यांतील लहानमोठे लेखहि त्याच पिढींत छापून निघाले. तथापि या दोन स्थळांचा विचार बहुधा निरनिराळा होत आला आहे. घाटांतील लेख राजवंशाच्या इतिहासाकडे गेला, लेणीं बौद्ध स्थापत्याच्या इतिहासाकडे गेलीं, आणि दोहोंना जोडणारी सुमारें वीस मैलांची वाट मात्र बहुतांशीं उपेक्षित राहिली.

वास्तविक हीं दोन स्थळें म्हणजे एकाच मार्गाचीं दोन टोंकें होत. शूर्पारक व कल्याण या बंदरांत उतरलेला माल सह्याद्रि चढून जुन्नरास आणि तेथून प्रतिष्ठानाकडे जात असे. प्रतिष्ठान व तगर हीं देशावरील मोठीं पेठेचीं नगरें असल्याचें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे, आणि कल्याण बंदराचाहि त्यांत उल्लेख आहे. हा मार्ग आजहि पायीं आक्रमितां येतो. तो पायीं आक्रमिला असतां एक गोष्ट मनावर ठसते, ती ग्रंथांतून इतकी ठसत नाहीं : या वाटेवरील पुरातन अवशेषांचें सूत्र पाणी हें आहे. प्रस्तुत टांचणांत वाटेचें मजलवार वर्णन देऊन, त्या सूत्राच्या आधारें घाटमाथ्यावरील प्रसिद्ध दगडी रांजणाविषयीं एक विचार वाचकांपुढें ठेवण्याचा हेतु आहे.

२. पहिली मजल : वैशाखरे ते घाटमाथा

कल्याणाहून मुरबाडावरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर वैशाखरे हें गांव लागतें. चाक येथपर्यंत येतें; पुढें पाय. गांव सोडून रानांतून चालूं लागलें म्हणजे समोर डोंगराचा एक कडा पुढें आलेला दिसतो. त्यास लोक ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. वाट त्याच्या कुशींतून वर जाते. आरंभीं ती साधी रानवाट आहे. चढ उभा होऊं लागला कीं पायाखालीं दगडी फरसबंदी व कोरलेल्या पायऱ्या लागतात, आणि ही वाट गुराख्यांनीं पाडलेली नसून योजून बांधलेली आहे हें कळून येतें. लादलेलें जनावर सरळ उभ्या चढानें चढत नाहीं. त्यास पाय ठेवण्यापुरती सपाटी हवी व ठराविक अंतरावर दम घेण्यास जागा हवी. या दोन्हींची काळजी येथें घेतलेली दिसते.

घाटाच्या नांवाविषयीं तीन मतें ऐकूं येतात. नाना व गुणा या दोघांनीं पैजेनें दोन घाट फोडले, त्यांपैकीं नानाचा तो हा घाट, ही लोकांची कथा. येथें नाणीं घेत म्हणून नाणेघाट, हें दुसरें मत. लेखांतील नायनिका अथवा नागनिका या राणीच्या नांवाचा हा अपभ्रंश, हें तिसरें. पहिली कथा कथाच आहे. तिसरें मत आकर्षक असलें तरी ज्या राणीचें नांव एकोणिसाव्या शतकांत लेख वाचला जाईपर्यंत लोकांच्या स्मरणांत नव्हतें, तें घाटाच्या नांवांत दोन हजार वर्षें टिकलें असें धरण्यास मधल्या काळांतील एखादा दुवा दाखविला पाहिजे. दुसऱ्या मताचा विचार रांजणाबरोबरच करावा लागेल.

वैशाखरेहून सकाळीं निघालेला मनुष्य तीन-चार तासांत लेण्यापाशीं पोंचतो. माघापासून पुढें या चढावर झऱ्याचें पाणी भरंवशाचें नसतें. पावसाळ्यांत ज्या कड्यावरून शेंकडों धबधबे कोसळतात, तोच कडा चैत्रांत कोरडा ठणठणीत असतो. काळा पाषाण पाणी धरून ठेवीत नाहीं. तें कोंकणांत तरी उतरतें किंवा देशावर तरी वाहून जातें. आणि व्यापाऱ्यांचे तांडे हिंडावयाचे ते नेमके याच कोरड्या महिन्यांत, पाऊस संपून वाटा मोकळ्या झाल्यावर. ही विसंगति ध्यानांत आली म्हणजे घाटांतील टांक्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

३. घाटांतील लेणें

लेणें वाटेच्या कडेसच आहे. आंत एक मोठें चौकोनी दालन, तीन बाजूंस दगडी बांक, डाव्या व उजव्या भिंतींवर प्रत्येकीं दहा ओळींचा ब्राह्मी लेख आणि समोरच्या भिंतीवर एकेकाळीं उठावाच्या मूर्ति. या मूर्तींच्या माथ्यावर त्यांचीं नांवें कोरलेलीं होतीं. वाचतां आलेलीं नांवें अशीं : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन. महाराष्ट्रांतील पहिल्या ज्ञात राजकुलाची ही चित्रशाला होय. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकांतील मृत राजांचें प्रतिमागृह आणि मथुरेजवळील माट येथील कुषाण राजांच्या मूर्ति यांच्याशीं विद्वानांनीं तिची तुलना केली आहे, ती योग्यच आहे.

आज त्या मूर्तींपैकीं कांहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि नांवांपैकींहि कांहीं नाहींशीं झालीं आहेत. भिंतींवरील मोठ्या लेखांत अनेक ठिकाणीं दगडाचे पापुद्रे सुटून ओळी तुटल्या आहेत. एकोणिसाव्या शतकांत ठसे व प्रती घेतल्या गेल्या नसत्या तर या लेखाचा अभ्यास आज बराच अधिक अपुरा राहिला असता.

लेखाचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांस वंदन करून होतो. पुढें राणीचें कुल, तिचें व्रतस्थ आचरण, तिचा पुत्र वेदिसिरि यांचा निर्देश येतो आणि मग यज्ञांची व दक्षिणांची मोठी यादी लागते : अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम वगैरे. दक्षिणेंत एका ठिकाणीं १,७०० गाई व १० हत्ती आहेत, दुसऱ्या ठिकाणीं २४,४०० कार्षापण आहेत. हे आंकडे शब्दांनीं न लिहितां चिन्हांनीं लिहिलेले आहेत. शेंकडा व हजार यांना स्वतंत्र चिन्हें असून स्थानावरून किंमत ठरविण्याची पद्धति त्यांत नाहीं. भारतीय अंकांच्या इतिहासांत या लेखास जें स्थान आहे तें यामुळें. लेखाचा काळ बूलर याच्या मतें इसवी सनापूर्वीं दुसरें शतक. अलीकडचे बहुतेक अभ्यासक अक्षरांच्या वळणावरून तो पहिल्या शतकांत आणतात.

या मोठ्या लेखाच्या तेजांत घाटांतील दुसरे लहान लेख झांकले जातात. त्यांपैकीं एक वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षाचा आहे, आणि त्यावरून राणीच्या काळानंतरहि घाटांत दानें होत होतीं हें सिद्ध होतें. दुसरा एका टांक्याजवळचा आहे. त्यांत इतकेंच सांगितलें आहे कीं, सोपाऱ्याचा रहिवाशी गोविंददास याचें ‘पोढि’ हें देयधर्म, म्हणजे धर्मार्थ दिलेलें दान आहे. पोढि म्हणजे खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें. कोठें शूर्पारक आणि कोठें हा घाटमाथा! ज्याच्या गांवास समुद्राची गाज ऐकूं येते, त्या मनुष्यानें इतक्या दूर, दुसऱ्याच्या तहानेसाठीं खडक फोडविला. गोविंददासाचा धंदा लेखांत दिलेला नाहीं. परंतु या वाटेनें त्याचें किंवा त्याच्या माणसांचें येणेंजाणें होतें हें उघड आहे. वाट न तुडविणाऱ्यास पाणी कोठें हवें हें कळत नाहीं.

४. रांजणाचा प्रश्न

लेण्यावरून थोडें वर चढलें कीं दोन कड्यांच्या मधील अरुंद खिंड लागते व ती ओलांडली म्हणजे माथ्याचें पठार. खिंडीच्या वरच्या तोंडाशीं, वाटेच्या बाजूस, एका प्रचंड दगडाचा कोरलेला रांजण आहे. पोट फुगीर, तोंड उघडें. यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत व सायंकाळपर्यंत तो भरून जाई, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. लोकांच्या तोंडून ती छापील पुस्तकांत गेली आहे आणि पुस्तकांतून पुन्हां लोकांच्या तोंडीं आली आहे. यामुळें ती आतां पुराव्याप्रमाणें उद्धृत होऊं लागली आहे.

या समजुतीस आधार कोणता? रांजणावर तिला पुष्टि देणारा लेख नाहीं. भिंतींवरील लेखाच्या शिल्लक भागांत जकातीचा शब्द नाहीं. तेथें घेण्याची गोष्ट नसून सर्वत्र देण्याची आहे. राहतां राहिलें घाटाचें नांव, आणि त्याची व्युत्पत्ति स्वतःच वादग्रस्त असल्यामुळें ती दुसऱ्या गोष्टीचा आधार होऊं शकत नाहीं. घाटांत जकात घेतली जात असावी, हें संभवनीय आहे. अशा नाक्यावर ती कोणत्याहि राजानें सोडली नसती. परंतु जकात घेतली जाणें निराळें आणि ती या उघड्या तोंडाच्या, कुलूप ना झांकण अशा भांड्यांत टाकली जाणें निराळें. प्रश्न येथें ठेवून पुढें जाऊं. त्याचें उत्तर पुढील मजलांत शोधावयाचें आहे.

५. दुसरी मजल : घाटघर, जीवधन, कुकडेश्वर

माथ्यावरील घाटघर हें मुक्कामाचें गांव. येथें उभें राहिलें असतां पाणलोटाची रेघ पायाखालीं असल्यासारखी वाटते. पश्चिमेस पडलेला थेंब कोंकणांतील नद्यांवाटें अरबी समुद्रास मिळतो, पूर्वेस पडलेला कुकडी, घोड, भीमा असें करीत पूर्वसमुद्राकडे जातो.

घाटाच्या रक्षणास दक्षिणेस जीवधन किल्ला आहे. त्याच्या टोंकाशीं निराळा सुटलेला उंच सुळका वानरलिंगी या नांवानें प्रसिद्ध आहे. निजामशाहीच्या अखेरीस राजवंशांतील मूर्तझा या मुलास याच किल्ल्यावरून आणून शहाजीराजांनीं पेमगिरीस गादीवर बसविलें. १६३६ च्या तहांत जे किल्ले मोंगलांच्या हवालीं करावे लागले त्यांत जीवधनाचें नांव आहे. १८१८ त तो इंग्रजांकडे गेला. गडावर धान्याची कोठी म्हणून दाखविली जाणारी एक कमानदार इमारत आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें पाहण्याजोगीं तीं खडकांतील टांकींच. गड ज्याच्या हातीं, घाट त्याच्या हातीं, हें खरें; पण ज्या गडावर पाणी नाहीं तो चार दिवसहि कोणाच्या हातीं राहत नाहीं.

घाटघराहून पूर्वेकडे उतरत गेलें म्हणजे पूर या गांवीं कुकडेश्वराचें देवालय लागतें. कुकडी नदीचा उगम येथें मानतात. देवालय यादवपूर्व किंवा यादवकालीन घडणीचें असून त्याचें शिखर मूळचें राहिलेलें नाहीं. भिंतींवरील व गाभाऱ्याच्या द्वारावरील कोरीव काम मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. शिलाहार राजा झंझ यानें नद्यांच्या उगमांवर बारा शिवालयें बांधलीं, त्यांतील हें एक, असें सर्रास सांगण्यांत येतें. येथें संशोधकानें सावध राहिलें पाहिजे. झंझानें स्वतःच्या नांवें शंभूचीं बारा देवालयें बांधलीं हें शिलाहारांच्या ताम्रपटांत आहे, हें खरें. परंतु तीं कोणत्या नद्यांच्या उगमांवर होतीं याची यादी ताम्रपटांत नाहीं. ती मागाहून जुळविलेली आहे. यादी खोटीच असें म्हणण्याचें कारण नाहीं. तथापि ताम्रपट काय सांगतो आणि आपण त्यांत काय घालतों, या दोहोंमधील रेघ पुसट होऊं देतां कामा नये. रांजणाच्या बाबतींत जें झालें तेंच येथें झालें आहे. उगमाशीं देवालय असणें मात्र अर्थपूर्ण आहे. बौद्ध उपासकानें टांकें खोदविलें, शैव राजानें अथवा सरदारानें उगमावर देऊळ उभारलें. धर्म पालटला, पण पुण्याची जागा पाणीच राहिली.

६. तिसरी मजल : चावंड व कुकडीचें खोरें

पुराहून चावंड किल्ला जवळच आहे. फार्सी साधनांत यास जुंद किंवा जोंद म्हणतात, आणि शिवशाहींत याचें नांव प्रसन्नगड ठेविलें गेलें. १५९४ त अहमदनगरच्या गादीचा वारस असलेला बालक बहादुर येथें अटकेंत होता. पुढें चांदबिबीनें ज्याचा पक्ष घेतला तो हाच. जीवधन व चावंड या दोन्ही किल्ल्यांवर राजकुलांतील मुलें ठेवलेलीं आढळतात ही गोष्ट योगायोगाची नव्हे. जुन्नर हें निजामशाहीचें आद्यस्थान. राजधानी अहमदनगरास गेली तरी घराची तिजोरी जशी आंतल्या खोलींत असावी तसे हे किल्ले त्या घराण्यास वाटत असावेत.

चावंडाच्या माथ्यावर खडकांत एकत्र खोदलेलीं सात टांकीं आहेत. लोक तीं सप्तमातृकांच्या नांवानें ओळखतात. त्यांच्या खोदाईचा काळ लेखाच्या अभावीं निश्चित सांगतां येत नाहीं, परंतु रीत तीच आहे. अशा टांक्यांचें तंत्र थोडक्यांत असें. खडकाच्या उताराखालीं जागा निवडावयाची. वरून चर कोरून पावसाचें पाणी तिकडे वळवावयाचें. तोंड बेताचें ठेवून आंत खडक पोखरीत जावयाचें, आणि छत पडूं नये म्हणून मधें खांब सोडावयाचे. तोंड लहान असल्यामुळें ऊन आंत शिरत नाहीं, पाणी आटत नाहीं व थंड राहतें. माळावरचीं उघडीं तळीं शिमग्यासच तळ दाखवितात. हीं टांकीं वैशाखांतहि घागर बुडवूं देतात.

चावंडाखालून जुन्नरकडे जाणारी वाट कुकडीच्या खोऱ्यानें जाते. खोऱ्याचा बराच भाग माणिकडोह येथील धरणाच्या पाण्याखालीं गेला असल्यामुळें आजचा वाटसरू जलाशयाच्या कडेकडेनें चालतो. जुन्या वाटेचा शोध घेणाऱ्यानें यापुढें धरणापूर्वींचे भूमापनाचे नकाशे पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

७. चौथी व पांचवी मजल : जुन्नर

जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दीडशेंहून अधिक खोदकामें आहेत. एका गांवाच्या परिसरांत इतकीं लेणीं पश्चिम हिंदुस्थानांत अन्यत्र क्वचितच सांपडतील. त्यांत अजिंठ्याचीं चित्रें नाहींत कीं कार्ल्याची भव्यता नाहीं. म्हणून प्रवासी लवकर आटोपतात. परंतु लेखांच्या दृष्टीनें जुन्नर अत्यंत श्रीमंत आहे.

गांवाच्या पश्चिमेकडील तुळजा लेण्यांत एक वर्तुळाकार चैत्यगृह आहे : मधें स्तूप, भोंवतीं बारा साधे अठपैलू खांब, आणि वर घुमट. या आकाराचीं चैत्यगृहें फार थोडीं आहेत. घडणीच्या साधेपणावरून तें जुन्नरच्या सर्वांत जुन्या कामांपैकीं मानतात. घाटांतल्या राणीच्या काळाशीं त्याचें नातें असावें.

शिवनेरीच्या कड्यांत पूर्वकालीन लेणीं व टांकीं आहेत आणि माथ्यावर शके १५५१, म्हणजे इ. स. १६३०, मध्यें शिवछत्रपतींचा जन्म झाला तें स्थान आहे. गडाच्या या दोन अवस्थांचा विचार एकत्र करावा. लेण्यांतील भिक्षूंसाठीं खोदलेल्या पाण्यानें पुढें किल्लेदाराची शिबंदी जगली. येथील एका लेखांत इरिल नांवाचा यवन, ‘गतां’पैकीं असें स्वतःस म्हणविणारा, दोन पोढी दिल्याचें सांगतो. दुसरा चिट नांवाचा यवन संघास भोजनमंडप देतो. मानमोडीच्या डोंगरांत चंद नांवाच्या तिसऱ्या यवनाचें दान आहे. परदेशीय वंशाचीं हीं माणसें प्राकृतांत लिहवून घेतात, संघास दान देतात, आणि दोन टांकीं खोदविणें हें आपल्या नांवास शोभेल असें पुण्य समजतात!

मानमोडीच्या डोंगरांतच महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याचा लेख आहे. वर्ष ४६ असून दान पोढि व मंडप यांचें आहे. हें वर्ष शककालाचें धरल्यास इ. स. १२४ येतें, कांहीं विद्वान तें निराळ्या गणनेचें मानतात. कालगणना कोणतीहि असो, सातवाहनांच्या हातून हा मुलूख क्षत्रपांकडे गेला होता हें यावरून निश्चित होतें. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपली मुद्रा ठोकलेली आहे. नाण्यावरची मुद्रा पालटली. अमात्यानें दिलेली पोढि मात्र आहे तशीच राहिली.

पांचव्या मजलेस कुकडी ओलांडून गणेश लेण्यांस जावें. येथील मोठा विहार आज गिरिजात्मजाचें मंदिर असून अष्टविनायकांत गणला जातो. त्याच्या शेजारच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत हा आहे. येणेंप्रमाणें घाटाखालचें कल्याण जुन्नरच्या चैत्यांत स्वतःच्या नांवानें हजर आहे, सोपारें घाटांतील टांक्यावर हजर आहे, आणि जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेण्यांत भरुकच्छाच्या आसासमाचे दोन पुत्र हजर आहेत. याशिवाय धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व एक पोढि दिल्याचा लेख आहे, आणि करंज व वड लावण्यासाठीं शेताचें उत्पन्न लावून दिल्याचाहि लेख आहे. पाणी आणि सांवली : वाटेवरच्या मनुष्यास याहून अधिक तें काय हवें असतें?

८. रांजणाचें उत्तर

आतां रांजणाकडे वळूं. मराठींत रांजण हा शब्द पैशाच्या पेटीस लागत नाहीं. रांजण म्हणजे पाणी सांठविण्याचें मोठें भांडें. हा शब्द आज घरोघर याच अर्थीं चालतो. ज्यांनीं घाटमाथ्यावरील त्या दगडास रांजण म्हटलें, त्यांनीं तो पाण्याचा म्हणूनच ओळखला असला पाहिजे. जकातीची गोष्ट त्यास मागून चिकटली असावी. केवळ शब्दावर भिस्त ठेवणें बरें नव्हे, म्हणून दुसरा पुरावा पाहूं. नहपानाचा जामात उषवदात याच्या नाशिक येथील लेखांत त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळीं खोदविलीं, इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर फुकट तरी ठेविल्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा स्थापिल्या, असें स्पष्ट म्हटलें आहे. प्रपा म्हणजे वाटसरूंस पाणी पाजण्याची जागा. आपल्या ‘पाणपोई’ शब्दांतील ‘पोई’ ती हीच, असें व्युत्पत्ति पाहणारे मानतात. तेव्हां प्रवासाच्या अवघड जागीं प्रपा घालणें ही त्या काळची, त्याच प्रदेशांतील, लेखानें सिद्ध अशी रीत होती. नदीचा उतार जसा अवघड, तसाच घाटाचा माथा. चढ चढून आलेला हमाल खिंडीच्या वरच्या तोंडाशीं जेथें प्रथम ओझें टेंकतो, नेमका तेथेंच हा रांजण आहे. खालीं गोविंददासाची पोढि आहे. तिच्यासारख्या टांक्यांतून पाणी आणून येथें भरून ठेवावयाचें व येणाऱ्यास पाजावयाचें, अशी योजना सहज संभवते.

हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. जकातीच्या मताच्या बाजूनें इतकें म्हणतां येईल कीं, नाका बसवावयाचा तर तोहि त्याच अरुंद जागीं बसवावा लागेल. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं असण्यासहि हरकत नाहीं. जेथें घेतात तेथें पाणी पाजण्याची लाज राखली जाते, हें आपल्याकडील जुनें वळण आहे. परंतु एका मताच्या पाठीशीं केवळ एक गोष्ट आहे आणि दुसऱ्याच्या पाठीशीं शब्द, रीत व शेजारचे लेख आहेत, एवढें तरी वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

प्रश्न एका रांजणापुरता नाहीं. जकातीची समजूत धरिली म्हणजे हा सर्व मार्ग राजाच्या खजिन्याची वाट ठरतो. पोढींचे लेख एकत्र वाचले म्हणजे तोच मार्ग अनेकांनीं मिळून जिवंत ठेवलेला दिसतो : सोपाऱ्याचा रहिवाशी, कल्याणचा गृहस्थ, यवन, क्षत्रपाचा अमात्य, धान्याचे व्यापारी. राणीनें भिंतीवर दहा दहा ओळी कोरवून घेतल्या, राजकुलाच्या मूर्ति बसविल्या. त्या मूर्तींच्या पायांच्या खुणा उरल्या. एका ओळीचें दान करणाऱ्यांची टांकीं आहेत आणि त्यांतील कित्येकांत पाणीहि आहे.

९. वाचकांस विनंती

टांक्यांवरचे लेख सर्वांत असुरक्षित आहेत. मोठ्या लेखांची कीर्ति त्यांचें थोडेंबहुत रक्षण करिते. टांक्याच्या कांठावरील ओळीवर मात्र दोर घासतो, शेवाळ चढतें, उतरणाऱ्याचा पाय पडतो. यास्तव या मार्गानें जाणाऱ्या अभ्यासकानें प्रत्येक टांक्याची लांबी, रुंदी व खोली, तोंडाची दिशा, आंतील खांबांची संख्या, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहतें याची गांवकऱ्यांकडून मिळालेली माहिती, आणि कांठावर अक्षराची खूण असल्यास तिचें छायाचित्र, इतकें टिपून ठेवावें. ठसा घेण्याचा प्रयोग अनुभवी मनुष्यावांचून व पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवांचून करूं नये.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष सांगणें आहे. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं जुन्नर लुटलें. १६७५ मध्यें फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य मुंबईहून कल्याणमार्गे जुन्नरास जाऊन परततांना नाणेघाटानें उतरला. म्हणजे सतराव्या शतकांत हा घाट चांगला वाहता होता. वाहत्या घाटाचे कागद असलेच पाहिजेत. जुन्नर प्रांतांतील देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, शेटे-महाजन यांच्या दफ्तरांत घाटाच्या जकातीचे तक्ते, नाकेदारांचे हिशेब, घाटवाटेच्या दुरुस्तीचे अथवा पाणपोईच्या खर्चाचे कागद, हक्कांच्या तंट्यांतील महजर असण्याचा पूर्ण संभव आहे. त्यांत घाटाचें नांव कोणत्या रूपांत येतें, नाना, नाणे कीं आणखी कांहीं, आणि ‘रांजण’ हा शब्द येतो काय व आल्यास पाण्यासंबंधानें येतो कीं पैशासंबंधानें, इतकें पाहिलें तरी वर मांडलेला वाद निकालांत निघेल. एक ओळीचा उल्लेखहि पुरे. असा कागद ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं त्याची अक्षरशः नक्कल, कागदाची तारीख, शिक्का व मूळ मालकाचें घराणें या तपशिलासह मंडळाकडे पाठवावी. अनुमान खोटें ठरलें तरी चालेल. कागद उजेडांत आला पाहिजे.